फटफटीला घातलेलं तेल

चैत्रातल्या एका शनिवारी निंबर्ग्याच्या पुढे आमची मोटारसायकल बंद पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही करजगीला पोचलो, तेव्हा माझे वडील गेलेले होते.

ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. हे म्हणजे माझे यजमान. हयात होते तेव्हा नाव घेतलं नाही, आता कागदावरही हात वळत नाही. भेटायला येणारी माणसं त्यांच्या वळणदार अक्षराबद्दल बोलतात, शाळांबद्दल बोलतात. मोटारसायकलबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती पाहिलेली माणसंच फारशी उरलेली नाहीत. मला मात्र ती आठवते, आणि आठवली की अजूनही पदर डोक्यावर नीट ओढून घ्यावासा वाटतो.

निजामाच्या राज्यात हे शाळातपासनीस होते. मुक्काम आळंदला. आधी दौरे बैलगाडीने व्हायचे. आळंदहून अफजलपूरकडच्या शाळा बघून यायच्या म्हणजे आठवडा मोडायचा. मग गुलबर्ग्याच्या गिरणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याची मोटारसायकल ह्यांनी घेतली. आमच्याकडे तिला फटफटीच म्हणत. माझे वडील करजगीच्या शाळेत मास्तर होते. फटफटीचा आवाज माळावरून फार लवकर ऐकू यायचा, आणि तपासनीस शाळेच्या दारात उतरेपर्यंत वर्ग ओळीत बसलेला असायचा. वडील पुढे सोयरिकीचं बोलायला आले तेव्हा हसत म्हणाले होते की, पागोटं बांधायला वेळ देऊन येणारा हा एकच अधिकारी आपण पाहिला. लग्नानंतरही तो आवाज आला की ते वर्ग तसाच सोडून ओट्यावर येऊन उभे राहायचे. फटफटीवर लेक असणार हे त्यांना माहीत असे.

साहेबाने गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. त्यातलं तेलाचं प्रकरण हे पोथीसारखं वाचत. पेट्रोल काय, कुठलंही चालतं, म्हणायचे. इंजिनाचा जीव तेलात असतो. डब्यातलं खनिज तेल सोलापूरहून यायचं, हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात देऊन. उन्हाळ्यात घट्ट तेल, थंडीत पातळ. लढाई सुरू झाली आणि ते डबे मिळेनासे झाले. पुस्तिकेत दुसरं एक तेल सांगितलेलं होतं, ते म्हणजे एरंडेल. शर्यतीच्या गाड्या एरंडेलावर चालतात असं त्यात छापलेलं होतं. आळंदच्या घाण्यावर एरंडेल हवं तेवढं मिळायचं. हे ते आणून बरणीत निवळत ठेवत, मंद आचेवर कोमट करत, धुतलेल्या मलमलीतून दोनदा गाळत. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक थेंब घेऊन बोटं हळूच लांब करत आणि मला दाखवत, "बघ, एवढी तार सुटली पाहिजे." मी पुस्तकं वाचणारी बाई; मला त्या तारेचं कौतुक वाटायचं, पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही. पुस्तिकेतला एक नियम ते मोठ्याने वाचायचे: एक तेल असताना दुसरं त्यात मिसळू नये, आधी पहिलं पूर्ण काढून टाकावं. तो नियम त्यांनी एकदाच मोडला.

एरंडेलाचा धूर गोडसर, जड असतो. फटफटी बाजारातून गेली की मागे तो वास रेंगाळायचा, आणि कोणीतरी म्हणायचंच, "जुलाबाची गाडी आली, वाट सोडा." हे हसत. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली असे, मूठ ह्यांच्या सदऱ्यात अडकवलेली, मान खाली. तालुक्यात दुसरी बाई अशी बसत नव्हती.

माझ्या सासूबाई आमच्याजवळ राहायच्या. मूळ घर हुलसूरकडचं, तिकडे आमची करडईची शेती. फाल्गुनात करडई निघाली की चैत्रात घरच्या तेलाचा डबा आळंदला यायचा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. मला त्यांनी एकदाही टाकून बोललेलं आठवत नाही. मी वाचत बसले असले तर त्या स्वतः उठून चूल पेटवायच्या. फटफटीवर मात्र त्यांचा राग होता. तिला रोज एरंडेल पाजतात म्हणूनच ती कण्हते असं त्यांचं मत होतं.

त्या शनिवारी सकाळी करजगीहून माणूस आला. आदल्या दिवशी निघाला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, फार अत्यवस्थ होते. बोलणं तुटक झालं होतं. लेकीला बोलवा म्हणाले, आणि फटफटीनं या म्हणाले. निरोप सांगताना तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता.

फटफटीने गेलो तर दुपारी पोचलो असतो. पेट्रोल होतं, हे कोठीत एक कॅन अडीअडचणीला राखून ठेवत. तेल मात्र तेलाच्या टाकीत तळाला गेलेलं होतं, आणि बरणीत नुसता गाळ. ह्यांनी घाण्यावर जायला डबा उचलला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"शनवार हाय. तेल इकत आणायचं न्हाई."

"अव्वा, गाडीचं तेल हाय ते."

"तेल ते तेल. अन् कुणाकडं निघालाव ते बघ की. असल्या जाण्याला शनवारी तेल घरात आणलं तर माणूस ऱ्हातंय व्हय?"

शनिवारी तेल विकत घेतलं तर साडेसाती घरात येते, हे आमच्या सगळ्या मुलखात मानतात. ह्यांचा त्यावर विश्वास नव्हता. माझाही नव्हता, अशा गोष्टींवर वडिलांनीच मला हसायला शिकवलं होतं. पण त्या सकाळी मला भीती वाटली. तेल आणलं आणि वडील गेले, तर जन्मभर ते तेल मला आठवत राहील असं वाटलं. हे माझ्याकडे बघत होते. मी काही म्हणाले असते तर गेले असते. मी पिशवी भरत राहिले.

सासूबाई आत गेल्या आणि पितळी चरवी घेऊन आल्या. नव्या करडईचं तेल, पिवळंधमक, वासाला गोड. घरचं तेल विकत आणायचं नसतं, त्यामुळे त्याला शनिवारची बाधा नाही.

"ह्ये घाल. रोज जुलाब देऊन जनावर पळतंय व्हय? तिला एक दिस खायाचं तेल दे. लेकीला बापाजवळ न्यायचंय."

ह्यांनी चरवीत बोट बुडवलं. अंगठ्यावर थेंब घेतला, बोटं लांब केली. तार सुटली नाही. सासूबाई दोन्ही हातांनी चरवी धरून उभ्या होत्या. वर्षाचं पहिलं तेल. देवाला दिवा लावल्याशिवाय त्या ते चुलीवरही वापरत नसत. ह्यांनी फार वेळ घेतला नाही. टाकीचं झाकण फिरवलं, नरसाळं धरलं, आणि मला ऐकू जाईल एवढंच म्हणाले, "अफजलपूरला काढून टाकू." सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तेल ओतलं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या, म्हणून थोडं फरशीवर सांडलं.

आळंद सोडल्यावर थोड्याच वेळात वास बदलला. एरंडेलाचा जड वास जाऊन तळणीचा वास यायला लागला. निंबर्ग्यात पाण्यासाठी थांबलो, तर पारावर बसलेला एक म्हातारा उठून जवळ आला, नाक वर करून म्हणाला, "सायेब, भजी तळत निघालाव व्हय? चार आमाला बी ठिवा." पारावरची सगळी माणसं हसली. हेही हसले, पण त्यांचा एक हात इंजिनाजवळ होता, आणि त्यांनी तो पटकन मागे घेतला. मी म्हटलं, थोडं थांबायचं का? ते म्हणाले, थांबलो तर गार होऊन आवळेल. चालती आहे तोवर जाऊ.

निंबर्गा मागे पडला. दोन्ही बाजूंना ज्वारी काढलेली काळी रानं, सावली नाही. फटफटीचा आवाज हळूहळू जाड होत गेला, चढावर घशात अडकल्यासारखा झाला, आणि एका ओढ्याच्या उतारावर ती थांबली. ह्यांनी किक मारली. किक खाली जाईना. उभे राहून पूर्ण अंगाचा भार दिला, तरी जाईना. मग त्यांनी पान्याने प्लग काढला आणि पदराने धरायला माझ्याकडे दिला. त्याच्यावर पिवळट तपकिरी लेप होता. मी बोट लावलं. बोट चिकटलं आणि सोडवताना कातडी ओढली गेली.

"मोटेचं तेल झालं," हे म्हणाले.

आमच्या भागात विहिरीचं पाणी चामड्याच्या मोटेने काढत. चामडं पाण्यात कुजू नये म्हणून शेतकरी करडईचं तेल जाळून जाळून घट्ट करत आणि मोटेला फासत. ते वाळलं की लाखेसारखं बसतं. पाणी आत शिरत नाही. हे करडईच्या शेतात वाढलेले, मी मास्तरांची असले तरी गावातली. आम्हा दोघांनाही हे सकाळी माहीत होतं. मी प्लग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उगाचच पुन्हा जागेवर बसवला.

मग त्यांनी फटफटी ढकलायला सुरुवात केली. कुठे ढकलत होते कोण जाणे. मी पिशवी घेऊन मागून चालत होते. रानातून एक शेतकरी आला, त्याच्या गोठ्यात फटफटी ठेवली, आणि त्याचीच बैलगाडी जोडून आम्ही निघालो.  ह्यांच्या धोतरावर काळे हात उमटले होते आणि रस्ताभर ते डाग झाकायला बघत होते.

करजगीच्या वेशीपाशी आम्हाला लोक भेटले, ते मसणवटीतून परत येत होते. माझा थोरला भाऊ पुढे होता, डोकं भादरलेलं. तो बैलगाडीकडे बघत उभा राहिला.

"दाजी, फटफटी कुठं हाय?"

"वाटेत बंद पडली."

"आमी कान लावून बसलो होतो. अप्पा गेल्यावर ठिवा ठिवा म्हणून लई वेळ ठिवलं बी. शेवटाला आवाज आला तर बैलाच्या घुंगराचा आला."

काय झालं होतं म्हणून कोणीतरी विचारलं. मला वाटलं, हे सांगतील: शनिवार होता, आईने आणू दिलं नाही. सांगितलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. वेशीत उभ्या असलेल्या एकानेही शनिवारी तेल विकत आणलं नसतं. हे म्हणाले, "तेल चुकीचं घातलं. निवडताना मी चुकलो."

माझे चुलते मागे होते. ते म्हणाले, "शाळा तपासणारा माणूस. तेल तपासता आलं न्हाई." कोणी हसलं नाही. पण ते वाक्य गावात राहिलं, आणि नंतर कितीतरी वर्षं माहेरच्या प्रत्येक लग्नात, बारशात मी ते पाठीमागून ऐकलं. त्या वेळी वेशीत मला ह्यांची लाज वाटली. त्यांच्या हातांची, धोतराची, खाली घातलेल्या मानेची. सकाळी पिशवी भरत बसलेले माझे हात मला दिसले नाहीत. ते नंतर दिसले.

दहा दिवस मी माहेरी होते. वैनी मला एकटं गाठायची नाही, पण एकदा परड्यात भांडी घासताना सांगून गेली. अप्पा शनिवारी दुपारपर्यंत शुद्धीवर होते. पिठाच्या चक्कीचा आवाज आला तरी मान वळवायचे. "फटफटी यायलीय का बघ," म्हणायचे. तिने दोनदा बघून येते म्हणून बाहेर जाऊन आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा तिला खोटं करवलं नाही, ती तिथेच बसून राहिली. त्यांनी पागोटं मागितलं होतं. उशाशी ठेवलं होतं.

हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ओट्यावर उभं राहणारा माणूस त्यांनीही पाहिलेला होता.

आळंदला परत आलो तेव्हा सासूबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मला जवळ घेतलं, आणि मग ह्यांना विचारलं, "गाडी पळाली न्हवं बाबा?"

"व्हय अव्वा. पळाली."

"मग उशीर कामून झाला?"

"पेट्रोल संपलं."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल संपणं ही कोणाची चूक नव्हती.

फटफटी महिन्याभराने बैलगाडीत घालून आळंदला आणली आणि पडवीत उभी केली. गुलबर्ग्याच्या मिस्त्रीने बघितली. आतलं सगळं चिकटलंय, म्हणाला. सुटे भाग विलायतेहून यायचे, आणि तेव्हा विलायतेहून काही येत नव्हतं. हे पुन्हा बैलगाडीने दौऱ्यावर जाऊ लागले. पुस्तिका फळीवर माझ्या पुस्तकांच्या मागे गेली. घरात एरंडेल लागलं, खोबरेल लागलं, तरी हे घाण्यावर जात नसत. बोटांवर तेल घेऊन तार बघायची सवय त्या दिवशी सुटली. करजगीची शाळा त्यांच्याच हद्दीत होती. तिथे जाणं टाळता येत नसे. दरवर्षी जायचे, मुलांना गणितं घालायचे, आणि भावाकडे न जेवता निघायचे. अप्पांच्या श्राद्धाला मात्र यायचे आणि शेवटच्या पंगतीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझ्या भावाने त्यांना पुन्हा दाजी म्हणून हाक मारायला फार वर्षं लावली.

सासूबाई दर दसऱ्याला फटफटीची पूजा करत. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि चाकाला बोटभर करडईचं तेल. ते बघताना मला राग यायचा. बंद पडलेल्या यंत्राला तेच तेल. एकदोनदा सगळं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. हे पडवीच्या दारात उभे राहून बघत आणि नमस्कार करून आत जात, म्हणून मी गप्प राहिले.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ह्यांच्या शाळा बंद होत्या, हे गुलबर्ग्याला काय हुकूम येतात ते बघायला गेले होते. मी सासूबाईंचे पाय चेपत होते. त्यांनी मला विचारलं,

"पोरी, त्या दिशी गाडी माझ्या तेलानं बंद पडली न्हवं?"

"न्हाई आत्याबाई. पेट्रोल संपलं होतं."

"मी कुणब्याची लेक हाय. मोटेला काय लावत्यात मला ठावं न्हाई व्हय?" त्या थांबल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. "तवा सुचलंच न्हाई. तुझ्या बापाचंच डोक्यात होतं. तुमी गेल्यावर दुपारी फरशी पुसाया गेले. उनानं तेल आळलं होतं. पाय चिकटला. तवा कळलं. कुणाला पाठवू मागं? फटफटीमागं कोण पळतंय?"

मी पाय चेपत राहिले. पाच-सहा वर्षं ही बाई रोज ती फरशी ओलांडत होती. दसऱ्याला चाकाला तेल लावताना ती काय पुटपुटत होती हे मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

"राखेनं घासली, चुन्यानं घासली. निघत न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरला. "त्याला सांगू नको मला ठावं हाय म्हणून. त्याला लाज वाटंल."

मी सांगितलं नाही. त्या गेल्या तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. ह्यांनी शेवटपर्यंत आईला कळू दिलं नाही याचंच समाधान बाळगलं असेल, तर ते मी काढून घ्यायला नको होतं. आणि आईला कळलंय हे त्यांनाही ठाऊक असेल आणि तेही माझ्यासाठी गप्प राहिले असतील, असं अलीकडे मला वाटतं. विचारायला आता कोणी नाही. माहेरच्या पुतण्यांना एवढंच माहीत आहे की आत्याच्या यजमानांना तेल तपासता आलं नाही. एकदा करजगीला जाऊन ते दुरुस्त करावं असं मनात येतं. मग दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे ठरवता येत नाही.

फटफटी भंगारात गेली. पुस्तिका वाळवीने खाल्ली. ओसरीपुढच्या शहाबादी फरशीवर बांगडीएवढा पिवळट डाग आहे. उन्हात तो थोडा चमकतो. मी त्याला वळसा घालून जाते.